आधी ब्रेक, मग बंपर

पसरणी घाटात वाईकडे उतरताना बाबांचा पाय ब्रेकवर होता आणि गाडी थांबत नव्हती. अगदी सिनेमासारखं काही नाही. पेडल नेहमीपेक्षा जरा खोल गेलं, मग अजून खोल, आणि शेवटी गादीवर पाय ठेवल्यासारखं मऊ झालं. बाबांनी काही न बोलता दुसरा गिअर टाकला, इंजिन ओरडलं, वेग पडला. मग हँडब्रेक हळूहळू ओढत त्यांनी एका रुंद जागी गाडी कडेला घेतली. मागच्या सीटवर डुलक्या काढणारी आजी जागी होऊन म्हणाली, ‘‘पोचलो का?’’

त्या दिवशी आमची गाडी जितकी भारी दिसत होती, तितकी आधी कधीच दिसली नव्हती. दादाने पहिल्या वर्षाच्या पगारातून साठवलेले पैसे तिच्यावर ओतले होते. पुढे लोखंडी बुल बार, टपावर एलईडीची पट्टी, आणि मूळ टायर काढून रुंद, गुबगुबीत टायर. पाचगणीत दोन मुलांनी गाडीसोबत सेल्फीसुद्धा काढला. आणि बोनेटखाली ब्रेक ऑइल किती वर्षांचं होतं, हे आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं.

गाडी म्हणजे २००९ ची टाटा सफारी, २.२ डायकॉर. सफारी पहिल्यांदा आली १९९८ मध्ये. आमच्या गाडीतलं २१७९ सीसीचं डिझेल इंजिन २००७ मध्ये आलं. वजन दोन टनांच्या आसपास, वेगळी चासी आणि तिच्यावर बसवलेली बॉडी, मागच्या दाराला लटकलेली स्टेपनी. बाबांनी ती घेतली तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि दुसऱ्या रांगेच्या सीटवर उभी राहून खिडकीबाहेर बघायचे. त्यामुळे २०२४ मध्ये आरसी संपत आली आणि घरात ‘आता भंगारात देऊन टाकू’ हा विषय निघाला, तेव्हा सगळ्यात जास्त आरडाओरडा मीच केला. घाटातला प्रकार त्याच्या चार महिने आधीचा.

ब्रेक असे का गेले, ते आम्हाला तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी समजावलं. ते कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेत आणि सोसायटीतल्या प्रत्येक पंपापासून सायकलीपर्यंत सगळ्यांचे डॉक्टर आहेत. त्यांनी ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि विचारलं, ‘‘हा चहा कधी केलेला?’’

ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेतं. आपण बदललं नाही तर वर्षानुवर्षं शोषतच राहतं. डॉट ४ प्रकारचं ताजं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं, की तोच आकडा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. घाट उतरताना आपण ब्रेकवर पाय ठेवूनच बसतो. डिस्क आणि ड्रम तापतात, उष्णता ऑइलपर्यंत पोचते, ते उकळतं आणि नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून आपण पेडल दाबतो आणि नुसते बुडबुडे दबतात. हँडब्रेक चालला, कारण तो केबलवर चालतो, त्याचा या ऑइलशी संबंध नाही. आणि बाबा दुसऱ्या गिअरमध्ये आले म्हणून आजीची डुलकी फक्त मोडली.

दादाच्या टायरांनी यात भरच घातली होती. टायरच्या कडेला लिहिलेले आकडे वाचायला शिका, सोपं असतं. आमचे मूळ टायर २३५/७० आर १६. म्हणजे रुंदी २३५ मिलिमीटर, बाजूची उंची त्या रुंदीच्या ७० टक्के, रिम १६ इंच. दादाने बसवले २६५/७० आर १६. कॅल्क्युलेटर काढला, तर चाकाचा व्यास सुमारे ७३५ मिलिमीटरवरून ७७७ वर गेला होता. जवळपास पावणेसहा टक्के वाढ. म्हणजे स्पीडोमीटर ६० दाखवतोय तेव्हा गाडी खरंतर ६३ च्या वर पळतेय, आणि मोठं, जड चाक थांबवायला ब्रेक मात्र तेवढेच. दादाला हे दाखवलं तेव्हा तो बराच वेळ टायरकडे बघत राहिला. ‘‘दुकानदाराने तर फक्त घासत नाहीत एवढंच बघितलं,’’ म्हणाला.

बाबांच्या फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वीचं एका गॅरेजचं बिल सापडलं, त्यावर ‘ब्रेक ऑइल बदलले’ असं स्पष्ट लिहिलेलं. पैसेही घेतलेले. बाबा सहसा चिडत नाहीत, पण त्या संध्याकाळी त्यांनी ते बिल चार वेळा वाचलं आणि म्हणाले, ‘‘आपणच करू.’’

मग आमचे शनिवार सुरू झाले. पुण्याच्या जुन्या बाजारातून रिंग पाने आणि गोट्यांचा अर्धा सेट आणला. जॅक स्टँड मात्र काकांनी नवेच घ्यायला लावले, जोडीने. गाडीबरोबर मिळणारा जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, म्हणजे नाहीच. सपाट जागा, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून विटा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल, मग जॅक, मग चासीखाली स्टँड, आणि आत डोकं घालण्याआधी गाडीला जोरात धक्का देऊन बघायचं. काका हे सगळं दर शनिवारी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगायचे.

ब्रेकमधली हवा काढणं हे दोन माणसांचं काम आहे, आणि मला वाटतं घरात संवाद वाढवायचा तर याहून चांगला उपाय नाही. मी सीटवर, बाबा चाकाशी. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी, आमच्या गाडीत मागचं डावं. तिथल्या ब्लीडरला पारदर्शक नळी लावायची, तिचं दुसरं टोक थोडं ताजं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवायचं.

‘‘दाब.’’

‘‘दाबलं.’’

‘‘धरून ठेव.’’ बाबा ब्लीडर उघडणार, पेडल माझ्या पायाखाली खचणार, नळीतून तपकिरी ऑइल आणि बुडबुडे जाणार. ते ब्लीडर बंद करणार. ‘‘सोड.’’

बंद व्हायच्या आधी पाय सोडला तर हवा परत आत. पहिल्या तासात मी हे दोनदा केलं आणि दोनदा सगळं पुन्हा. मधेमधे टाकीत ताजं ऑइल भरत राहायचं, ती रिकामी झाली तर पहिले पाढे पंचावन्न. चौथ्या चाकाशी आम्ही जागा बदलल्या. नळीतून शेवटी स्वच्छ, पिवळसर ऑइल आलं तेव्हा मी गाडीखालून असं ओरडले की सेक्रेटरी काका खाली आले. (पार्किंगमध्ये गॅरेज चालवायला परवानगी नाही, हे त्यांचं म्हणणं. डाग पडला तर आम्ही पुसू, हे आमचं.) एक डाग पडलाच, पण आमच्याच गाडीवर. ब्रेक ऑइल रंग खातं. बोनेटच्या कोपऱ्यावर एक थेंब पडला, लगेच पाण्याने धुवायला हवा होता, मी जेवून आले. तिथे आज रुपयाएवढा फिका ठिपका आहे.

खर्च? ऑइलचे सातशेच्या आत. ड्रममधले लायनर झिजले होते, ते काकांच्या देखरेखीत बदलले. एबीएस असलेल्या गाड्यांत हवा काढायची पद्धत वेगळी असू शकते, तेव्हा मॅन्युअल आधी वाचा. आणि पहिल्यांदा करताना माहितगार माणूस शेजारी हवाच. ब्रेकवर प्रयोग करून शिकायचं नसतं. काम झाल्यावरही गाडी आधी पार्किंगमध्येच चालत्या माणसाच्या वेगाने फिरवली.

पासिंगची वेळ आली तसा बुल बार उतरवला. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्रीय परिवहन मंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं की हे बार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत, कारवाई करा. पायी चालणाऱ्याला ते जास्त इजा करतात, शिवाय एअरबॅगच्या सेन्सरच्या आड येऊ शकतात. याच कलमाखाली, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. रंग बदललात तरी आरसीवर नोंद लागते. दादाची एलईडी पट्टीही गेली. टायर परत मूळ मापाचे घेतले. त्यांच्यावरचे चार आकडे आधी बघितले, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात.

दादाचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून मी त्याला एक मॉडिफिकेशन सुचवलं, जे दिसत नाही. जुन्या गाडीत हेडलाइटचा करंट स्विचमधून आणि दमलेल्या वायरींतून फिरून जातो, वाटेत व्होल्ट गळतात. लोक यावर १०० वॉटचे बल्ब लावतात आणि होल्डर वितळवून घेतात. आम्ही रिले बसवले. आता स्विच फक्त रिलेला सांगतो आणि करंट फ्यूजमधून, जाड वायरने थेट बॅटरीकडून येतो. बल्ब तेच, ६०/५५ वॉटचे. पिवळी पडलेली काच पाण्यातल्या पॉलिश पेपरने, आधी १००० मग २००० नंबरच्या, घासली. रात्री भिंतीवर प्रकाश पाडून बघितला तेव्हा दादा म्हणाला, ‘‘हे आधी का नाही सांगितलंस?’’ आधी मलाच कुठे माहीत होतं!

नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ मध्ये ६०० वरून पाच हजार झालं होतं, वर पर्यावरण कर वेगळा. तपासणीच्या दिवशी बाबा इंटरव्ह्यूला निघाल्यासारखे इस्त्रीचा शर्ट घालून गेले. अधिकाऱ्यांनी लाइट बघितले, हॉर्न वाजवला, ब्रेक बघितले, चासी नंबर ताडून पाहिला. गाडी पास. पुढची पाच वर्षं मिळाली.

सध्या दारांच्या खालची भोकं हेअरपिनने साफ करणं सुरू आहे. ती चिखलाने बुजली की पावसाचं पाणी आत साचतं आणि दार आतून गंजतं. डाव्या मागच्या दारातून परवा जवळपास तांब्याभर पाणी निघालं. पुढच्या महिन्यात पुन्हा पाचगणी. आजीने आत्ताच सांगून ठेवलंय, या वेळी पुढच्या सीटवर ती बसणार.