झाड मोजण्यापासून सुरुवात

बारावी विज्ञाननंतर वनशास्त्राची चार वर्षांची पदवी महाराष्ट्रात दापोली आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठांत घेता येते. पुढे एम.एस्सी.साठी डेहराडूनची वन संशोधन संस्था आहेच. १९०६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था १९९१ पासून अभिमत विद्यापीठ आहे. तिच्या संग्रहालयातला ७०० वर्षांहून जुन्या देवदाराचा आडवा काप प्रत्येक विद्यार्थ्याने पाहावाच.

अभ्यासाचा पाया मात्र साध्या टेपवर. खोडाचा घेर छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्यायचा. झाड उतारावर असेल, तर ही उंची चढाच्या बाजूने धरायची. इथे हयगय झाली की लाकडाचा आणि कार्बनचा सगळा हिशेब चुकतो. त्यामुळे प्रवेशाआधी रानातले तास किती, हे जरूर विचारा.