तंद्रीतला अभ्यास

इंग्रजी ‘डब्ल्यू’च्या आकाराची एक अरुंद वाट, तिच्या तिन्ही टोकांना थोडा थोडा खाऊ आणि वाटेवरून धावणारा एक उंदीर. मधल्या टोकाकडून आधी डावीकडे जायचं, परत मध्ये यायचं आणि पुढच्या खेपेला उजवीकडे वळायचं, हा खेळाचा नियम. म्हणजे मधल्या टोकाशी आल्यावर उंदराला आठवावं लागतं, मघाशी आपण कुठल्या बाजूला गेलो होतो? चुकला तर खाऊ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या प्रयोगशाळेत शंतनू जाधव, लॉरेन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २०१२ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रिकाम्या बसलेल्या मेंदूची बाजू इतक्या नेमकेपणाने मांडणारं दुसरं काही माझ्या वाचनात नाही.

त्याची पार्श्वभूमी अशी. उंदीर ठरावीक जागी आला, की त्याच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागातल्या ठरावीक पेशी चेतवल्या जातात. या पेशींचा शोध जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये जाहीर केला आणि २०१४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. वाटेवरून धावताना या पेशी ओळीने, एकीमागून एक जाग्या होतात. एमआयटीतल्या डेव्हिड फॉस्टर आणि मॅथ्यू विल्सन यांनी २००६ मध्ये पुढची गोष्ट दाखवली. धाव संपवून उंदीर खाऊपाशी थांबला, की त्याच पेशी पुन्हा जाग्या होतात, पण उलट्या क्रमाने आणि कित्येक पट वेगाने. काही सेकंदांची धाव सेकंदाच्या छोट्याशा अंशात परत घडते. उंदीर टक्क जागा असतो, फक्त थांबलेला असतो.

जाधव आणि मंडळींनी नेमकं या थांबण्यावर बोट ठेवलं. पेशी अशा पुन्हा जाग्या होताना मेंदूत उठणारी लहर सुरू झाली, की तिची चाहूल लागताच विजेचा सौम्य धक्का देऊन ती तिथल्या तिथे मोडायची. उंदराचं धावणं, थांबणं, खाणं यात काहीही बदल नाही. तरीही ‘मघाशी कुठे गेलो होतो’ हे लक्षात ठेवून पुढची बाजू निवडणं या उंदरांना नीट जमेना. कुणी म्हणेल, धक्क्यांनीच ते बावरले असतील. म्हणून दुसऱ्या गटाला धक्के तेच दिले, पण लहर निघून गेल्यावर, किंचित उशिराने. ते उंदीर व्यवस्थित शिकले. हानी धक्क्याने झाली नव्हती. थांबलेल्या क्षणी मेंदूत जे चाललं होतं, ते मोडल्याने झाली होती.

उंदीर मनोराज्य करतो, असं यावरून म्हणता येणार नाही. पण शिकण्याचा एक भाग शिकणं थांबल्यावर घडतो, हे त्यातून दिसतं आणि माणसाचंही काही वेगळं नसावं. एडिंबरा विद्यापीठातल्या मायकेला ड्यूअर यांनी साठी ओलांडलेल्या निरोगी माणसांना दोन छोट्या गोष्टी ऐकवल्या. एका गोष्टीनंतर त्यांनी दहा मिनिटं अंधाऱ्या खोलीत नुसतं बसायचं होतं, तर दुसरीनंतर दोन चित्रांमधले फरक शोधायचे होते. आठवड्याने विचारलं, तेव्हा जिच्यानंतर ते नुसते बसले होते, ती गोष्ट त्यांना जास्त आठवत होती.

आपण ‘नुसतं’ म्हणतो खरं, पण मेंदूच्या लेखी नुसतं बसणं नावाचं काही नसतं. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला हा अवयव आपली वीसेक टक्के ऊर्जा खातो आणि गणित सोडवायला बसलात तरी त्या खर्चात पाच टक्क्यांचीही भर पडत नाही. मग एरवी हा खर्च होतो कशावर? सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या मार्कस राइकल यांनी २००१ मध्ये दाखवून दिलं, की बाहेरच्या कामातून लक्ष निघालं की मेंदूतले काही ठरावीक भाग उलट अधिक सक्रिय असतात. आठवणी चाळणं, उद्याचे बेत करणं, दुसऱ्याच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधणं, ही कामं तिथे चालतात. तंद्रीत आपण करतो ते नेमकं हेच.

कल्पकतेचं काय? फ्रेंच गणिती आंरी प्वांकारे यांनी स्वतःचा अनुभव लिहून ठेवला आहे. पंधरा दिवस ते एका प्रश्नाशी झटत होते. पुढे कामाचा विचारही डोक्यात नसताना, सहलीत घोडागाडीच्या पायरीवर पाऊल ठेवता ठेवता त्यांना एक कळीचा दुवा सुचला. या कथेतला पायरीचा भाग सगळे सांगतात, पंधरा दिवसांचा विसरतात. मला तो जास्त मोलाचा वाटतो. मनात आधी काही भरलेलंच नसेल, तर भटकून त्याला सापडणार काय?

२०१२ मध्ये बेंजामिन बेअर्ड आणि जोनाथन स्कूलर यांच्या गटाने हेच तपासलं. विटेसारख्या वस्तूचे आगळेवेगळे उपयोग सुचवा, असं त्यांनी लोकांना सांगितलं. मध्ये बारा मिनिटांची सुट्टी. सुट्टीत ज्यांना मन भटकू देणारं सोपं काम दिलं होतं, त्यांना नंतर सर्वाधिक सुचलं, आणि तेही आधी विचार करून झालेल्या वस्तूंबाबतच. नव्या वस्तूंबाबत फायदा शून्य. पुढे इतरांना हा निष्कर्ष पुन्हा मिळवताना अपयशही आलं, त्यामुळे त्यावर इमले बांधू नयेत. पण २०१९ मध्ये स्कूलर यांच्याच गटाने भौतिकशास्त्रज्ञ आणि लेखकांना रोजच्या कल्पनांची नोंद ठेवायला लावली, तेव्हा महत्त्वाच्या कल्पनांपैकी सुमारे एक पंचमांश काम सोडून मन भलतीकडे असताना आलेल्या निघाल्या. अडलेली गाडी पुढे नेणाऱ्या कल्पना त्यांत विशेष होत्या.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. बाई फळ्यावर समीकरण सोडवत असताना मन खिडकीबाहेर गेलं, तर ते समीकरण गेलंच. हार्वर्डमधल्या मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० मध्ये मोबाइलवरून सव्वादोन हजार लोकांना वेळी-अवेळी विचारून पाहिलं. जवळपास ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हतं आणि अशा वेळी माणसं कमी आनंदी होती. त्यात तटस्थ किंवा कटू विचारांत भटकणाऱ्यांची अवस्था वाईट होती. सुखद विचारांत रमलेले मात्र कामात असलेल्यांइतकेच आनंदी होते. येल विद्यापीठातले जेरोम सिंगर कितीतरी आधीपासून हा भेद सांगत होते. खेळकर, पुढचं रंगवणारी तंद्री वेगळी आणि अपराधीपणात, भीतीत गोल गोल फिरणं वेगळं. जे मूल दुसऱ्या प्रकारात अडकलंय, त्याला मोकळा वेळ देऊन भागणार नाही, त्याच्याशी बोलावं लागेल.

मला काळजी वाटते ती पहिल्या प्रकाराची, कारण त्याला जागाच उरलेली नाही. शाळा सुटली की क्लास, क्लासच्या दोन बॅचमध्ये रिक्षा आणि रिक्षात मोबाइल. ड्यूअर यांच्या प्रयोगातली ती दहा मिनिटं आपल्या मुलांच्या दिवसात पूर्वी आपसूक यायची. बसची वाट पाहताना, शेंगा सोलताना, गच्चीवर पडल्या पडल्या. आता ती मुद्दाम राखावी लागतील. तास संपल्यावर वही मिटून पाच मिनिटं कुणी काही विचारू नये, एवढी सोय शाळांना वेळापत्रकात करता येईल. क्लासहून आलेल्या मुलाला दारातच ‘आज काय शिकवलं?’ असं विचारण्याऐवजी पालकांना तो प्रश्न जेवणाच्या ताटापर्यंत थांबवता येईल.