मुरघास आणि जनावराचे पोट

हिरवा चारा बारीक कापावा, खड्ड्यात दाबून भरावा, वर कागद व माती घालून हवा बंद करावी. दीड महिन्यात चारा मुरतो. हाच मुरघास. उन्हाळ्यात गवत वाळून जाते, तेव्हा तो उपयोगी पडतो. पण सगळा मुरघास सारखा पचत नाही. असे का होते, ते आपण पाहू.

गाय, बैल, म्हैस ही रवंथ करणारी जनावरे. त्यांच्या पोटाला चार कप्पे असतात. पहिला कप्पा सर्वांत मोठा. त्यात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जंतू राहतात. हे जंतू वाईट नव्हेत. चाऱ्यातली काडी तेच फोडतात. त्यांच्यात कामाची वाटणी असते. काही जंतू काडी पचवतात, तर काही दाणा.

मका कणसासकट कापतात. म्हणून त्याच्या मुरघासात दाणा असतो. दाण्यातले पीठ पोटात लवकर आंबते. जनावराला ताकद मिळते, अंग भरते. पण कडब्यावरच्या बैलाला एकदम पाटीभर मका-मुरघास घातला, वर भरडाही दिला, तर काय होईल? पोटातल्या जंतूंना सराव नसतो. पोटात आंबट वाढते. रवंथ थांबते, शेण पातळ होते. फारच वाढले तर बैल जिवाला मुकतो. ऐन पेरणीत असे झाले तर घर बसते.

ज्वारीच्या मुरघासात काडी जास्त, दाणा कमी. तो सावकाश पचतो. ताकद जरा कमी देतो, पण रवंथ चांगली चालते. कोवळी ज्वारी जनावराला बाधते, म्हणून ती फुलोऱ्यानंतरच कापावी. हत्तीगवत फार जून झाले तर काडी टणक होते, मग पचन मंदावते. लसूणघासात प्रथिने भरपूर, पण तो एकटा नीट मुरत नाही. तो मक्यात मिसळून भरावा. मक्यात प्रथिने कमी असतात. ती उणीवही भरून निघते.

आता नियम सांगतो. नवा मुरघास पहिल्या दिवशी २-३ किलोच घाला. १५ दिवसांत हळूहळू वाढवा. सोबत वाळला कडबा ठेवाच. कडबा चघळताना लाळ सुटते आणि लाळेने पोटातले आंबट कमी होते. चांगल्या मुरघासाला आंबूस-गोड वास येतो. बुरशी आलेला, घाण वासाचा मुरघास जनावरापुढे टाकू नका. तो उकिरड्यावर टाका.

रोज सकाळी शेण पाहा. दुपारी जनावर रवंथ करते का, ते पाहा. शेण पातळ झाले तर मुरघास कमी करा. रवंथच थांबली तर वाट पाहू नका, गुरांच्या डॉक्टरला बोलवा.