एलएल.एम.चे पैसे आणि त्यांच्या अटी
(लेखमाला : वकिलीची वाट, लेखांक ७)

परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र हाती आलं की घरात पैशाचा विषय निघतो, आणि इथे कायद्याच्या विद्यार्थ्याची गत इंजिनिअरपेक्षा वेगळी असते. अमेरिकेत एम.एस. केलेला मुलगा डॉलरमध्ये पगार घेईल आणि हप्ते फेडेल, असा बँकेचा हिशेब. एलएल.एम. करून आलेला वकील बहुधा इथल्याच कोर्टात उभा राहतो आणि अशील फी देतो ती रुपयांत, तीही सवडीने. म्हणून आधी शिष्यवृत्ती शोधावी, कर्जाकडे अगदी शेवटी वळावं, असं माझं मत आहे.

शिष्यवृत्ती म्हटली की सगळे रक्कम विचारतात. त्याआधी अट विचारावी. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या. गुणांवर त्यांचा हक्क होता, तरी इंग्लंडला जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना बाई म्हणून नाकारली गेली. शेवटी तिकडच्या हितचिंतकांनी वर्गणी काढली, त्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होत्या. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात दाखल झाल्या आणि १८९२ मध्ये बी.सी.एल.ची परीक्षा उतरल्या. पदवी मात्र तेव्हा मिळाली नाही, कारण ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या द्यायला १९२० साल उजाडलं. सावरकर १९०६ मध्ये लंडनला गेले ते श्यामजी कृष्णवर्मांमार्फत मिळालेल्या शिवाजी शिष्यवृत्तीवर. तिची अट अशी की इंग्रज सरकारची नोकरी करायची नाही.

बाबासाहेबांची कथा तर पैशाच्याच अंगाने वाचावी. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी कोलंबिया विद्यापीठासाठी महिना साडेअकरा पौंड मंजूर केले, बदल्यात बडोदे संस्थानाची दहा वर्षं नोकरी. १९१६ मध्ये ते लंडनला पोहोचले, ग्रेज इनमध्ये नाव घातलं, आणि पुढच्याच वर्षी शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून परतावं लागलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, मित्र नवल भथेनांकडून पाच हजारांचं कर्ज घेतलं, शाहू महाराजांनीही हातभार लावला. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. पगारातली बचत, मित्राची उसनवारी आणि राजाची मदत, तिन्ही एकत्र आल्यावर कुठे काम झालं.

आजही एका थैलीतून सगळं भागेल असं धरू नये. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठीच्या ‘सारथी’ संस्थेची योजना सयाजीरावांच्याच नावाने आहे. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीत १२५ जागा असून त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींच्या. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख, वयाची ३५. पण भारताची संस्कृती, इतिहास, समाज यांवरचे विषय २०२२ पासून या योजनेत बसत नाहीत. परदेशात जाऊन जातिव्यवस्था आणि कायदा यांचा अभ्यास करू म्हणणाऱ्याने ही ओळ दोनदा वाचावी. मला ही अट अन्यायाचीच वाटते.

आता कर्ज. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात एखाद्या घरी चार एकर धान आहे आणि मुलीला लंडनचं प्रवेशपत्र आलं आहे, असं समजू. साडेसात लाखांपर्यंतचं शैक्षणिक कर्ज सहसा विनातारण मिळतं, त्याहून जास्त रकमेला बँक तारण मागते. सातबारा पुढे केला तर मॅनेजर मान हलवतो, कारण सरफेसी कायद्याने शेतजमीन वसुलीतून वगळली आहे. त्याला हवा असतो एन.ए. म्हणजे बिगरशेती झालेला प्लॉट किंवा राहतं घर. जमीन भोगवटादार वर्ग-२ असेल तर हस्तांतरणाला लागणाऱ्या सरकारी परवानगीचं प्रकरण आणखी निराळं. गंमत अशी की शहर वाढतंय तशी शहरालगतच्या जमिनीला किंमत चढते, पण धानाची बांधी कागदावर बांधीच राहते आणि बँकेच्या लेखी तिचा उपयोग शून्य.

शिवाय वेळेचा मेळ बसत नाही. धान निघतं नोव्हेंबर-डिसेंबरात, चुकारे कधी हाती पडतील याचा नेम नाही. इंग्लंडच्या व्हिसासाठी मात्र फीची बाकी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च सलग २८ दिवस खात्यात दाखवावा लागतो. एका दिवसापुरते मामाकडून पैसे वळते करून भागत नाही. मंजूर कर्जाचं किंवा सरकारी शिष्यवृत्तीचं पत्र असेल तर हा घोर बराच कमी होतो. म्हणून पत्र वेळेत मिळणं हे रकमेइतकंच मोलाचं.

ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती फी, राहणं आणि विमानभाडं देते, वर शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट घालते. वकिलाला ती जड नाही. खरी अडचण आधीची आहे. अर्जदाराला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा, कामाचा अनुभव लागतो. जिल्हा कोर्टात ज्युनिअरशिप करणाऱ्याला पगाराची स्लिप नसते, महिन्याकाठी हातात पडेल ते पाकीट असतं. त्याने सनद मिळाल्यापासून तारखा, प्रकरणं आणि तास एका वहीत मांडावेत आणि दर वर्षी सीनिअरच्या सहीचं पत्र घेऊन ठेवावं. ऑफिस सोडल्यावर जुन्या सीनिअरकडे ते मागायला जाणं फार अवघड जातं.