श्रद्धांजलीचे दोन शब्द कसे बोलावेत? अंतराळवीरांकडून शिकूया

सोसायटीच्या हॉलमध्ये शोकसभा असते. हार घातलेला फोटो, उदबत्तीचा वास, खाली अंथरलेल्या सतरंज्या. कुणीतरी हळूच तुमच्या कानाशी येऊन म्हणतं, "तुम्हीही दोन शब्द बोला ना." तुम्ही उठता, माइक हातात घेता आणि तीच वाक्यं बाहेर पडतात. 'ते फार मनमिळाऊ होते.' 'त्यांच्या जाण्याने कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाली आहे.' 'ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.' खाली बसल्यावर मात्र मनात येतं, हे तर कुणाबद्दलही बोलता आलं असतं!

दुःख खरं असतं, पण शब्द उसने असतात. असं आपल्यापैकी अनेकांचं होतं. म्हणूनच आज अशा काही सभांबद्दल वाचूया, जिथे बोलणारे प्रसिद्ध अंतराळवीर होते आणि ज्यांना निरोप द्यायचा होता ते त्यांचेच सहकारी होते.

धावपट्टीवरची सभा

१ फेब्रुवारी २००३ हा दिवस तुमच्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. शनिवार होता. भारतात संध्याकाळचे साधारण साडेसात वाजले होते आणि 'कोलंबिया' हे अंतराळयान सोळा दिवसांची मोहीम संपवून परत येत होतं. त्यात हरियाणातल्या करनालची कल्पना चावला होती. उतरायला जेमतेम पंधरा-सोळा मिनिटं उरली असताना टेक्सासच्या आकाशात यान तुटलं. सातही अंतराळवीर गेले.

फ्लोरिडातल्या केनेडी स्पेस सेंटरच्या धावपट्टीवर त्या सकाळी सातही जणांचे कुटुंबीय वाट बघत उभे होते. सहा दिवसांनी, ७ फेब्रुवारीला, त्याच धावपट्टीवर श्रद्धांजली सभा झाली. समोर बसलेले बहुतेक लोक म्हणजे तिथले कर्मचारी. कुणी यानाच्या पृष्ठभागावरच्या टाइल्स बसवणारे, कुणी वायरिंग तपासणारे, कुणी इंधन भरणारे. कोलंबियाला त्यांनी हातांनी सांभाळलं होतं. त्यांचं दुःख दुहेरी होतं. माणसं गेली होती, आणि 'आपल्याकडून काही राहून तर गेलं नाही ना?' हा प्रश्नही मनात होता.

त्यांच्यासमोर बोलायला उभे राहिले बॉब क्रिपेन. १२ एप्रिल १९८१ रोजी कोलंबियाने पहिलं उड्डाण केलं, तेव्हा जॉन यंग यांच्यासोबत त्यात बसलेला दुसरा माणूस म्हणजे हे क्रिपेन. शटलचं ते पहिलंच उड्डाण. पुढे ते याच केनेडी सेंटरचे संचालकही झाले. म्हणजे यानही त्यांच्या ओळखीचं आणि समोरची माणसंही.

त्यांनी सुरुवातच जागेपासून केली. आपण धावपट्टीवर जमलो आहोत हे योग्यच आहे, गेल्या शनिवारी इथेच कुटुंबं वाट बघत होती आणि ती भेट झालीच नाही, अशा अर्थाचं ते बोलले. मोठे शब्द नाहीत, अलंकार नाहीत. जे सगळ्यांच्या मनात होतं, ते पहिल्या मिनिटाला उघड बोलून टाकलं.

हसू आलं तर चालतं का?

मग क्रिपेन यानाबद्दल बोलले. कोलंबिया काही दिसायला देखणी नव्हती, जे तिच्यावर प्रेम करायचे त्यांनाच ती सुंदर वाटायची. मागच्या बाजूला जरा जड आहे म्हणून लोक तिला नावं ठेवायचे, पण ते दुखणं आपल्यातल्याही अनेकांना ठाऊक आहे, असं ते म्हणाले!

विचार करा, सात माणसं गेल्याला आठवडाही झालेला नाही आणि बोलणारा वजनावरून चेष्टा करतो. हे अनादराचं वाटतं का? तसं वाटत नाही, कारण ही चेष्टा घरातली आहे. आपण नाही का आजीबद्दल सांगताना म्हणत, "चहात साखर कमी पडली की तिचा दिवसच खराब जायचा"? ती ओळ ऐकून सगळे हसतात आणि लगेच डोळेही पुसतात. जिव्हाळ्याच्या माणसालाच अशी गंमत जमते.

त्यानंतर क्रिपेन यांनी समोरच्या कर्मचाऱ्यांच्या मनातल्या प्रश्नाला हात घातला. ही प्रचंड आगीतून परत येण्याची कसरत कोलंबियाने याआधी २७ वेळा केली होती. शेवटच्या क्षणांतही आपल्या माणसांना सुखरूप घरी आणण्यासाठी ती शर्थीने झगडली असेल, याची मला खात्री आहे, असं ते म्हणाले. यानाला सांभाळणाऱ्यांसाठी याहून मोठा दिलासा कोणता असणार?

शेवटी त्यांनी सातही जणांना नावं घेऊन मानवंदना दिली. आणि ती नावं हुद्द्यांसकट नव्हती. रिक, विली, केसी, माइक, लॉरेल, डेव्ह आणि इलान. 'केसी' म्हणजे आपली कल्पना चावला. सहकारी तिला याच नावाने हाक मारायचे. सगळ्यात शेवटी मानवंदना मिळाली ती कोलंबियाला.

एकेकाचं नाव, एकेक घंटानाद

याआधी तीन दिवस, ४ फेब्रुवारीला ह्युस्टनच्या जॉन्सन स्पेस सेंटरमध्ये मोठी सभा झाली होती. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश हजर होते. तिथे अंतराळवीरांच्या वतीने बोलले केंट रॉमिंगर. ते त्या वेळी नासाच्या अंतराळवीर विभागाचे प्रमुख होते. त्यांनी 'सात शूरवीर' असं एकत्र गाठोडं बांधलं नाही. एकेका सहकाऱ्याबद्दल वेगळं बोलले, जणू ती माणसं समोर बसून ऐकत आहेत. घंटाही सात वेळा वाजली, प्रत्येकासाठी एकदा.

मग आकाशातून छोटी जेट विमानं एकत्र उडत आली आणि त्यातलं एक विमान रांगेतून वेगळं होऊन सरळ वर निघून गेलं. वैमानिकांच्या जगात गेलेल्या साथीदाराला निरोप द्यायची ही रीत आहे. बाकीची विमानं तशीच पुढे जातात, मोकळी झालेली जागा मात्र कुणी भरत नाही. 'पोकळी निर्माण झाली' हे वाक्य आपण बोलतो, तिथे ती डोळ्यांना दिसते.

पहिल्याला शेवटच्याचा निरोप

प्रत्येक निरोप अपघाताचाच असतो असं नाही. चंद्रावर पहिलं पाऊल ठेवणारे नील आर्मस्ट्राँग २५ ऑगस्ट २०१२ रोजी वयाच्या ८२व्या वर्षी गेले. १३ सप्टेंबरला वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथेड्रलमध्ये त्यांची सार्वजनिक स्मृतिसभा झाली. या चर्चच्या एका रंगीत काचेच्या खिडकीत चंद्रावरून आणलेला दगडाचा तुकडा बसवलेला आहे. तो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या साथीदारांनीच दिलेला.

तिथे बोलायला उभे होते युजीन सर्नन. आर्मस्ट्राँग चंद्रावर चालणारे पहिले, तर सर्नन चंद्रावरून सगळ्यात शेवटी निघालेले. अशा माणसाने इतिहास, मानवजात, पराक्रम असं काहीही बोललं असतं तरी लोकांनी ऐकून घेतलं असतं. सर्नन यांनी मात्र इंधनाच्या काट्याची गोष्ट सांगितली. चंद्रावर उतरताना आर्मस्ट्राँग यांच्या यानातलं इंधन संपत आलं होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याबद्दल विचारलं की ते शांतपणे म्हणायचे, काटा जेव्हा 'रिकामं' दाखवतो, तेव्हा टाकीत एक-दोन गॅलन शिल्लक असतंच, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे!

स्कूटर रिझर्व्हवर टाकून पेट्रोल पंप गाठणाऱ्या कुणालाही हे पटेल. त्या एका गोष्टीत आर्मस्ट्राँग यांचा थंडपणा, नम्रपणा आणि मिस्किलपणा तिन्ही आले. 'ते अत्यंत नम्र होते' असं दहा वेळा सांगून जे झालं नसतं, ते एका प्रसंगाने झालं.

फुलं वाहून झाल्यावर

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. कोलंबियाच्या सभांमध्ये फक्त रडून लोक घरी गेले असते, तर त्या सभा अपुऱ्या राहिल्या असत्या. कुटुंबांना वचन दिलं गेलं होतं की कारण शोधू, ते दुरुस्त करू आणि मगच पुन्हा उडू.

ऑगस्ट २००३ मध्ये चौकशी मंडळाचा अहवाल आला. उड्डाणानंतर दीड मिनिटाच्या आतच बाहेरच्या इंधन टाकीवरचा, पाऊण किलोच्या आसपासचा फोमचा तुकडा सुटून यानाच्या डाव्या पंखावर आदळला होता. तिथे भोक पडलं आणि परतताना तिथूनच तप्त वायू आत शिरला. पण मंडळ एवढ्यावर थांबलं नाही. यान अवकाशात असतानाच काही इंजिनिअरना शंका आली होती, पंखाचे फोटो मिळावेत अशी मागणीही झाली होती, ती पुढे गेली नाही. फोमइतकीच संस्थेतली कामाची पद्धतही या अपघाताला कारणीभूत आहे, असं अहवालात स्पष्ट लिहिलं गेलं.

जुलै २००५ मध्ये 'डिस्कव्हरी' यान आयलीन कॉलिन्स यांच्या नेतृत्वाखाली उडालं, तेव्हा पंख तपासायला कॅमेरे लावलेला लांब दांडा सोबत होता. अवकाश स्थानकाजवळ पोहोचल्यावर यानाने चक्क कोलांटी घेतली, कारण स्थानकातल्या लोकांना त्याच्या पोटाचे फोटो काढता यावेत. गेलेल्या सात जणांना वाहिलेली ही खरी श्रद्धांजली होती.

आपल्याकडे रस्त्यावर, कारखान्यात, बांधकामावर कुणी अपघातात गेलं की 'त्याची वेळच आली होती' असं म्हणून आपण विषय मिटवतो. घरच्यांना त्या क्षणी आधार हवा असतो, हे खरं. पण पंधरा दिवसांनी, महिन्याने तरी कुणीतरी विचारायला हवं, हे का झालं? तो खड्डा बुजला का? ती उघडी वायर कुणी झाकली का? पुढच्या माणसाचा जीव वाचावा म्हणून विचारलेला प्रश्न म्हणजे गेलेल्याचा अपमान नाही.

तुम्हालाही आदरांजली वाहायची असेल तर

अमेरिकेत अंतराळवीरांचे तिन्ही मोठे अपघात एकाच आठवड्याच्या तारखांमध्ये येतात. अपोलो १ ची आग २७ जानेवारी १९६७, चॅलेंजर २८ जानेवारी १९८६ आणि कोलंबिया १ फेब्रुवारी २००३. म्हणून दर वर्षी जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारच्या सुमारास नासा स्मृतिदिन पाळते. तुमचे मुलं-नातवंडं तिकडे असतील आणि फ्लोरिडाला जाणं झालं, तर केनेडी सेंटरच्या पर्यटक संकुलातला 'स्पेस मिरर' नक्की बघा. काळ्या ग्रॅनाइटची चकचकीत उंच भिंत, त्यात आकाशाचं प्रतिबिंब आणि दगडातून आरपार कोरलेली नावं. मागून प्रकाश आला की ती नावं आकाशातच लिहिल्यासारखी दिसतात. त्यात कल्पनाचंही नाव आहे.

तेवढं लांब जायची गरज मात्र नाही. हरियाणात कुरुक्षेत्राजवळ कल्पना चावला यांच्या नावाचं तारांगण आहे. भारताच्या हवामान उपग्रहाला अपघातानंतर चारच दिवसांनी 'कल्पना-१' हे नाव देण्यात आलं. मंगळावरच्या सात टेकड्यांनाही या सात जणांची नावं आहेत. रात्री गच्चीवर मुलांना मंगळाचा तांबूस ठिपका दाखवून हे सांगितलंत, तर तीही स्मृतिसभाच!

पुढच्या वेळी माइक हातात आला की

• एकच प्रसंग निवडा. गुणांची यादी नको. तुम्ही स्वतः पाहिलेली, छोटी, खरी गोष्ट सांगा.

• घरच्या नावाने आठवा. 'कै. श्री. अमुक' कार्डावर असतंच. लोक ज्यांना 'बाळूकाका' म्हणायचे, त्यांना बाळूकाकाच म्हणा. फक्त घरच्यांना आधी विचारून घ्या.

• हलकं हसू चालेल. पण ज्याने कुटुंबाला संकोच वाटेल, असं काही नको.

• दोन-तीन मिनिटं पुरे. स्वतःबद्दल कमी आणि त्यांच्याबद्दल जास्त बोला.

• समोर सगळ्यात जास्त कोण खचलंय ते बघा. रात्रंदिवस सेवा करणारी सून असेल, दवाखान्यात धावपळ करणारा शेजारी असेल. "तुम्ही काही कमी केलं नाही," हे वाक्य त्यांना सगळ्यांसमोर ऐकू द्या.

• मुलांना बाहेर पाठवू नका. ऐकायची इच्छा असेल तर जवळ बसवा. 'देवाघरी गेले' म्हणून विषय संपवण्यापेक्षा त्यांच्या प्रश्नांची साधी, खरी उत्तरं द्या.

• एक काम ठरवा. राहिलेलं झाड लावणं, शिकणाऱ्या मुलाची फी भरणं, तो धोकादायक जिना दुरुस्त करून घेणं. सभेतून उठताना ते कुणाच्या नावावर आहे आणि कधीपर्यंत होईल, हे ठरलेलं असू द्या.

भाषण येत नाही म्हणून घाबरू नका. क्रिपेन आणि सर्नन हे काही वक्ते म्हणून प्रसिद्ध नव्हते. त्यांच्याजवळ गेलेल्या माणसाची, आणि एका यानाचीसुद्धा, अगदी जवळून झालेली ओळख होती. तुमच्याजवळही तुमच्या माणसाची तशी ओळख आहे. तीच सांगा.