स्फटिकांतील दोष

स्फटिकी घन पदार्थांत अणू, आयन (विद्युत् भारित अणू वा अणुगट) किंवा रेणू यांची नियमित व पुनरावर्ती अशी त्रिमितीय मांडणी असते. या मांडणीत जेथे खंड पडतो, तेथे स्फटिकात दोष आहे असे म्हणतात. निरपेक्ष शून्याच्या वरील कोणत्याही तापमानास काही दोष असणे ऊष्मागतिकीनुसार अपरिहार्य आहे. घनता, विशिष्ट उष्णता इ. गुणधर्मांवर दोषांचा फारसा परिणाम होत नाही; मात्र यांत्रिक बल, विद्युत् संवाहकता, रंग इ. गुणधर्म बव्हंशी दोषांवरच अवलंबून असतात. विस्तारानुसार दोषांचे बिंदुदोष, रेषादोष व पृष्ठदोष असे प्रकार करतात.

बिंदुदोष : जालकातील स्थान रिक्त राहणे, स्थानांमधील पोकळीत जादा अणू शिरणे किंवा मूळ अणूच्या जागी परका अणू बसणे, हे बिंदुदोषाचे प्रमुख प्रकार होत. आयन स्वस्थान सोडून जवळच्या पोकळीत गेल्यास त्यास फ्रेंकेल दोष म्हणतात. धन व ऋण आयनांची स्थाने जोडीने रिक्त असल्यास त्यास शॉट्की दोष म्हणतात. रिक्त स्थानात शेजारचा अणू सरकतो व त्यामुळे घन पदार्थातही अणूंचे विसरण होऊ शकते. शुद्ध सिलिकॉनमध्ये दर एक कोटी अणूंमागे फॉस्फरसाचा एक अणू मिसळला, तरी सामान्य तापमानास त्याची संवाहकता काही लक्ष पट वाढते. अर्धसंवाहक प्रयुक्त्यांचा हाच पाया आहे. रंगहीन ॲल्युमिनियम ऑक्साइडात काही ॲल्युमिनियम आयनांच्या जागी क्रोमियमाचे आयन आले म्हणजे माणकाचा लाल रंग निर्माण होतो.

रेषादोष : अणूंचे दोन थर एकमेकांवरून एकदम सरकतात असे मानून काढलेले धातूचे सैद्धांतिक बल प्रत्यक्षाच्या हजार पटींहूनही अधिक येते. या विसंगतीचा उलगडा १९३४ मध्ये जी. आय. टेलर, ई. ओरोवान व एम. पोलान्यी यांनी स्वतंत्रपणे केला. जड जाजम एकदम ओढण्यापेक्षा त्यावर पडलेली घडी पुढे ढकलत नेणे सोपे असते. त्याचप्रमाणे स्थानभ्रंश हा रेषादोष अल्प प्रतिबलानेही स्फटिकातून पुढे सरकतो. १९५६ मध्ये केंब्रिज येथे ॲल्युमिनियमाच्या पातळ पत्र्यातील स्थानभ्रंशांची हालचाल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने प्रत्यक्ष पाहण्यात आली. धातू ठोकला असता स्थानभ्रंशांची संख्या वाढून ते परस्परांना अडवतात व धातू कठीण होतो. तापवून मंदपणे थंड केल्यास तो पुन्हा मऊ होतो. पोलादातील कार्बनही स्थानभ्रंशांना अडवून बल वाढवितो.

पृष्ठदोष : बहुतेक धातू लहान स्फटिककणांचे बनलेले असतात. कणांच्या सीमा स्थानभ्रंशांना अडवितात. म्हणून बारीक कणांचा धातू सामान्य तापमानास अधिक बळकट असतो. उच्च तापमानास मात्र या सीमांवरून कण घसरतात. त्यामुळे झोत एंजिनातील टरबाइनाची काही पाती एकाच स्फटिकाची बनवितात.

प्रारणजन्य दोष : न्यूट्रॉनांच्या आघाताने अणू स्वस्थानांतून फेकले जातात आणि या दोषांत ऊर्जा साठते. अणुभट्टीतील ग्रॅफाइटात साठणाऱ्या अशा ऊर्जेस विग्नर ऊर्जा म्हणतात. इंग्लंडमधील विंडस्केल येथे ऑक्टोबर १९५७ मध्ये ही ऊर्जा तापवून मुक्त करण्याच्या प्रक्रियेतून भट्टीला आग लागली. किरणोत्सर्गी आयोडीन वातावरणात पसरल्यामुळे परिसरातील दूध काही आठवडे वापरातून काढून टाकावे लागले. यामुळे अणुभट्टीसाठी पदार्थ निवडताना त्यात कालांतराने निर्माण होणाऱ्या दोषांचाही विचार करावा लागतो.