हृदयातील तार बिघडते तेव्हा

एखाद्या रुग्णाचा ‘पेसमेकर बदलला’ असे आपण म्हणतो, तेव्हा बहुधा त्या यंत्राचा एकच भाग बदललेला असतो. छातीच्या कातडीखाली बसवलेली धातूची चपटी डबी, म्हणजे बॅटरी आणि तिच्यासोबतची इलेक्ट्रॉनिक रचना, तेवढी नवी येते. त्या डबीतून निघून शिरेच्या मार्गाने हृदयात उतरलेली तार मात्र जुनीच राहते. डॉक्टर तिला ‘लीड’ म्हणतात. ही तार पंधरा-वीस वर्षेही तेथेच काम करीत असते. बॅटरी संपत आल्याचे आधीच समजते व ती बदलण्याची शस्त्रक्रिया तुलनेने सोपी असते. तार सदोष निघाली तर मात्र सारेच अवघड होते. बिघडलेली वस्तू आधी अंगातून बाहेर काढावी, असे रुग्णाला व कुटुंबीयांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ते नेहमीच हिताचे ठरत नाही. ते का, हे ह्या लेखात आम्ही शक्य तितक्या सोप्या शब्दांत मांडत आहोत.

डबी आणि तार

हृदयात बसवली जाणारी यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. हृदयाची गती फार मंदावली तर सौम्य विद्युतस्पंदन देऊन ठोका घडवून आणतो, तो पेसमेकर. हृदयाची गती प्राणघातक वेगाने व अनियमितपणे वाढली तर जोरदार शॉक देऊन ती पूर्ववत करते, ते दुसरे यंत्र म्हणजे आयसीडी.

पहिला पूर्णपणे शरीरात बसवलेला पेसमेकर स्वीडनमधील स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयात ८ ऑक्टोबर १९५८ रोजी बसवला गेला. तो रूने एल्मक्विस्ट ह्या अभियंत्याने तयार केला होता व शल्यविशारद ऑके सेनिंग यांनी तो आर्ने लार्सन ह्या रुग्णाच्या शरीरात बसवला. ते यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन मात्र पुढे २००१ सालापर्यंत, वयाच्या ८६व्या वर्षापर्यंत जगले. तेवढ्या काळात त्यांना वीसहून अधिक यंत्रे बसवावी लागली. आयसीडी प्रथमच माणसाच्या शरीरात बसवले गेले ते ४ फेब्रुवारी १९८० रोजी, अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात. त्यामागे डॉ. मिशेल मिरोव्स्की यांचे अनेक वर्षांचे परिश्रम होते.

सुरुवातीच्या काळात छाती उघडून तार हृदयाच्या बाह्य पृष्ठभागावर शिवली जाई. आता ती गळ्याखालच्या आडव्या हाडाजवळील शिरेतून आत सरकवतात. तेथून ती मोठ्या महानीलेत उतरते व हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचते. तारेच्या टोकाला बारीक स्क्रू किंवा मऊ काटे असतात. त्यांच्या आधाराने ती हृदयाच्या आतील भिंतीला धरून राहते. डबी आणि हृदय यांच्यामधील संदेश दोन्ही दिशांनी ह्या तारेतूनच जातात. हृदयाचा ठोका पडला की नाही, हे यंत्राला कळते तेही तारेमुळेच.

तार का बिघडते?

हृदयाचे ठोके दिवसाला सुमारे १ लाख, म्हणजे वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक पडतात. प्रत्येक ठोक्यासरशी तार किंचित वाकते व पुन्हा सरळ होते. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या त्या नळीत धातूचे अनेक वाहक आणि त्यांच्याभोवती सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचे आवरण असते. ही तार फार जाड असली तर शिरेत जागा उरत नाही. फार बारीक असली तर टिकत नाही. ह्या दोहोंचा मेळ साधणे हे अभियंत्यांपुढील जुनेच कोडे आहे.

बिघाड साधारणपणे दोन प्रकारचे असतात. धातूचा वाहक तुटणे हा पहिला आणि बाहेरील आवरण झिजणे वा फाटणे हा दुसरा. गळ्याखालचे हाड व पहिली बरगडी यांच्यामधील चिंचोळ्या जागेत तार चेंगरली जाऊ शकते. काही रुग्णांना कातडीखालची डबी बोटांनी चाळवण्याची, फिरवण्याची सवय लागते; त्यामुळेही तार पिळली जाते वा जागेवरून सरकते. काही वेळा मात्र रुग्णाची वा डॉक्टरांची काहीही चूक नसताना तारेच्या रचनेतच दोष आढळतो.

तुटलेल्या वाहकाची टोके एकमेकांना घासली की खोटे विद्युतसंकेत निर्माण होतात. पेसमेकर त्यांना हृदयाचे नैसर्गिक ठोके समजतो व स्वतः स्पंदन देणे थांबवतो. मग रुग्णाला चक्कर येते किंवा तो कोसळतो. आयसीडीला तेच संकेत हृदयाची गती बेफाम वाढल्यासारखे भासतात व शुद्धीवर असलेल्या, धडधाकट बसलेल्या माणसाला एकामागून एक शॉक बसू लागतात. ज्यांनी हे सोसले आहे, त्यांच्या मनातील भीती पुढे दीर्घकाळ जात नाही. तिसरी शक्यता सर्वांत गंभीर आहे: खरी गरज पडेल तेव्हा शॉक हृदयापर्यंत पोहोचतच नाही.

दोष कसा ओळखतात?

तपासणीच्या वेळी डॉक्टर कातडीवरूनच यंत्राशी संपर्क साधतात व तारेचा विद्युतरोध पाहतात. तो एकाएकी वाढला तर वाहक तुटल्याचा संशय येतो; फार घटला तर आवरण फाटल्याचा. एक्स-रेवरूनही काही दोष दिसतात. कधी कधी तार शाबूत असते, पण ती डबीला जोडणारा बारीक स्क्रू सैल झालेला असतो. अशा वेळी केवळ छातीवरील छोटी जखम उघडून तो घट्ट करणे पुरेसे होते. म्हणून ‘तार बिघडली’ असे ऐकताच घाबरून न जाता नेमका दोष कोठे आहे, हे प्रथम विचारावे.

तीन तारा, एक धडा

वैद्यकीय इतिहासातील तीन प्रसंग येथे उपयोगी पडतील.

१९९४ साली टेलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या ‘ॲक्यूफिक्स’ ह्या तारेत दोष आढळला. तारेला इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखा बाक टिकवून धरणारी आतील धातूची बारीक तार मोडत असे व आवरणाबाहेर येऊन हृदयाला भोसकू शके. साहजिकच अनेक ठिकाणी ह्या तारा काढून टाकण्याची घाई झाली. पुढे १९९९ साली ‘सर्क्युलेशन’ ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून एक अस्वस्थ करणारी गोष्ट समोर आली. मोडलेल्या तारेने जितके बळी घेतले, त्याहून अधिक रुग्ण ती तार काढताना दगावले होते.

मेडट्रॉनिक कंपनीची ‘स्प्रिंट फिडेलिस’ ही आयसीडीची बारीक तार २००४ साली बाजारात आली. तिचे वाहक तुटण्याचे प्रमाण अपेक्षेहून अधिक असल्याचे दिसताच ऑक्टोबर २००७ मध्ये कंपनीने तिची विक्री थांबवली. तोपर्यंत जगभरात सुमारे २ लाख ६८ हजार तारा बसवून झाल्या होत्या. ह्या वेळी मात्र पूर्वीचा धडा स्मरणात होता. चांगल्या चालणाऱ्या तारा केवळ भीतीपोटी काढू नयेत, त्यांवर बारकाईने लक्ष ठेवावे, असा सल्ला देण्यात आला. यंत्रातील संगणकीय प्रणालीही सुधारली गेली, जेणेकरून तार तुटू लागताच इशारा मिळावा व अनाठायी शॉक टळावा.

सेंट ज्यूड मेडिकलच्या ‘रियाटा’ तारेची गोष्ट निराळी होती. तिचे वाहक आतून आवरण झिजवत बाहेर डोकावू लागत. कंपनीने २०१० च्या अखेरीस तिची विक्री बंद केली. एक्स-रेवर वाहक बाहेर आलेले दिसत, तरीही विद्युतमापनात अनेकदा सारे ठीकठाक असे. म्हणून २०१२ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ह्या रुग्णांची छायाचित्रण तपासणी करण्याची शिफारस केली. प्रत्येक तारेचा दोष निराळा असतो व त्यानुसार तपासणीही निराळी करावी लागते, हे त्यातून दिसून आले.

तीन मार्ग

तार सदोष ठरल्यावर डॉक्टरांपुढे तीन मार्ग असतात.

पहिला, थांबून लक्ष ठेवणे. तार ज्ञात दोषाच्या यादीत असूनही नीट चालत असेल, तर यंत्राची मांडणी बदलून व वारंवार तपासणी करून वाट पाहता येते. पुढे बॅटरी बदलण्यासाठी जखम उघडावीच लागणार असेल, तेव्हा तारेचाही विचार पुन्हा करतात.

दुसरा, जुनी तार तेथेच सोडून शेजारी नवी बसवणे. ही शस्त्रक्रिया सोपी असते. परंतु एकाच शिरेत तारांची गर्दी झाली की शीर बंद पडू शकते, सोडून दिलेल्या तारेमुळे पुढे एमआरआय तपासणीत अडचण येते आणि कधी काळी ती काढण्याची वेळ आलीच, तर काम अधिक कठीण झालेले असते.

तिसरा, जुनी तार काढून त्याच वाटेने नवी घालणे.

ऐंशी वर्षांच्या आजोबांसाठी दुसरा मार्ग शहाणपणाचा ठरू शकतो. पस्तिशीतील रुग्णापुढे अजून अनेक दशके आहेत. त्याच्या बाबतीत तिसरा मार्ग योग्य ठरण्याची शक्यता अधिक. वय, प्रकृती, तार किती वर्षे आत आहे, रुग्णाचे हृदय पेसमेकरवर सर्वस्वी अवलंबून आहे काय, ह्या साऱ्यांचा विचार व्हावा लागतो. म्हणूनच शेजारच्या रुग्णाला जे सांगितले गेले, तेच आपल्यालाही लागू पडेल असे समजू नये.

ह्याला एक अपवाद आहे. यंत्राला किंवा तारेला जंतुसंसर्ग झाला असेल, तर डबी आणि सर्व तारा बाहेर काढाव्या लागतात. केवळ प्रतिजैविके देऊन हा संसर्ग मुळापासून जात नाही. यंत्राच्या जागी लाली, सूज, पू, कातडी पातळ होऊन डबी बाहेर डोकावणे, किंवा कारण न सापडणारा ताप, ही लक्षणे दिसताच विलंब करू नये. तेथे मलम वा घरगुती लेप लावून वेळ दवडणे जिवावर बेतू शकते.

तार काढतात कशी?

नवी तार सहज मागे ओढता येते. वर्षभरानंतर मात्र शरीर तिच्याभोवती घट्ट तंतुमय आवरण तयार करते व ती शिरेच्या आणि हृदयाच्या भिंतीला चिकटते. ती नुसती ओढली तर भिंतच फाटण्याचा धोका असतो. म्हणून तारेच्या आतील पोकळीत एक बारीक सळई घालून ती टोकापर्यंत घट्ट अडकवतात. मग तारेवरून एक नळी पुढे सरकवत नेतात. तिच्या टोकाशी असलेले लेझर किरण किंवा फिरते पाते तो चिकटलेला भाग हळूहळू मोकळा करीत जाते.

सर्वांत मोठे भय महानीला वा हृदय फाटण्याचे असते. तसे झाले तर काही मिनिटांतच छाती उघडावी लागते. त्यामुळे ही शस्त्रक्रिया जेथे हृदय-शल्यचिकित्सक हजर असतो, रक्त तयार ठेवलेले असते व अशी कामे नियमित होतात, अशाच केंद्रात व्हावी. २०१६ पासून अमेरिकेत एक खास फुगा उपलब्ध झाला. महानीला फाटल्यास तो आत फुगवून रक्तस्राव तात्पुरता आवरता येतो व शल्यचिकित्सकाला मोलाचा अवधी मिळतो.

अनुभवी हातांत निकाल चांगले आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘लेक्सिकॉन’ अभ्यासात १,४४९ रुग्णांच्या तारा लेझरने काढण्यात आल्या होत्या. शस्त्रक्रियेमुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ०.२८ टक्के होते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय नोंदणीत साडेतीन हजारांहून अधिक रुग्ण होते. त्यांत शस्त्रक्रियेशी निगडित गंभीर गुंतागुंत १.७ टक्के व मृत्यू ०.५ टक्के आढळले. धोका लहान आहे, परंतु तो शून्य नाही. चालू स्थितीतील तार विनाकारण काढण्यापूर्वी ह्याचा विचार व्हावा, तसाच आवश्यक शस्त्रक्रिया केवळ भीतीने टाळण्यापूर्वीही व्हावा.

अलीकडे तारेविना चालणारा, थेट हृदयाच्या कप्प्यात बसवला जाणारा इवलासा पेसमेकर तसेच हृदयाबाहेर, कातडीखालीच तार ठेवणारे आयसीडीही मिळते. तथापि पहिला शॉक देऊ शकत नाही व दुसऱ्याला सातत्याने पेसिंग करता येत नाही. म्हणून ती प्रत्येकाला चालतील असे नाही.

रुग्णाने व कुटुंबीयांनी काय करावे?

यंत्र बसवताना मिळालेले कार्ड जपून ठेवावे. त्यावर डबीचा क्रमांक तर असतोच, परंतु तारेचे नाव, मॉडेल व क्रमांकही असावयास हवा. नसल्यास रुग्णालयातून लिहून घ्यावा. पुढे कधी एखाद्या तारेविषयी इशारा प्रसिद्ध झाला, तर ती आपली आहे किंवा नाही हे त्यावरूनच कळेल. कार्डाची एक प्रत घरातील दुसऱ्या व्यक्तीकडेही द्यावी. पत्ता किंवा दूरध्वनी बदलल्यास रुग्णालयाला कळवावे.

ठरलेली तपासणी चुकवू नये. बरे वाटते म्हणून तपासणी नको, असे म्हणणारे अनेक असतात. तार तुटू लागली तरी आरंभी काहीच जाणवत नाही, हे त्यांनी ध्यानी घ्यावे. यंत्रातून बीप ऐकू आला वा कंप जाणवला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. आयसीडीचा एक शॉक बसून नंतर बरे वाटत असेल, तरीही डॉक्टरांशी संपर्क साधावा. लागोपाठ शॉक बसले, भोवळ आली किंवा शुद्ध हरपली, तर रुग्णाला तात्काळ रुग्णालयात न्यावे.

नवी तार बसवल्यानंतर चार ते सहा आठवडे त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये. विहिरीचे पाणी शेंदणे, जड पिशव्या उचलणे, लोकलमध्ये वरच्या कडीला लोंबकळणे हे टाळावे. परंतु हात अगदी बांधूनही ठेवू नये, नाहीतर खांदा आखडतो.

शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्यापूर्वी डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे: दोष नेमका कोणता? तार काढली नाही तर काय होऊ शकेल? काढल्यास धोका किती? आपण अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत? हृदय-शल्यचिकित्सक त्या वेळी हजर असेल काय? आमच्या मते हे प्रश्न विचारण्यात डॉक्टरांवरील अविश्वास मुळीच नाही. चांगला डॉक्टर त्यांची उत्तरे आनंदाने देतो, आणि ती समजून घेऊन घेतलेला निर्णय, मग तो तार काढण्याचा असो वा ठेवण्याचा, रुग्णाला अधिक निश्चिंतपणे झोपू देतो.